सावलीचं ताट

हिराता-सान रोज संध्याकाळी दोन माणसांचा स्वयंपाक करत आणि एकटेच जेवत. टोकियोजवळच्या ग्योतोकुमधल्या आमच्या छोट्या दुमजली इमारतीत ते खाली राहत, आम्ही वर. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा नितीन, दोघंही पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेलो. त्यांच्या टेबलावरचं दुसरं ताट धाकट्या भावाचं असे. हा भाऊ कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिक नावाच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या देशात होता, किंवा नव्हता. तो जिवंत आहे की गेला हे हिराता-सानना माहीत नव्हतं, आणि पन्नासएक वर्षांत त्यांनी ते विचारायची हिंमत केली नव्हती. हे सगळं मला बरंच उशिरा कळलं. आमची ओळख झाली ती कचऱ्यामुळे.

जपानच्या २०११च्या मोठ्या भूकंपाला तेव्हा दोनेक वर्षं होऊन गेली होती. गल्लीतले विजेचे काही खांब अजून तिरके होते, फुटपाथच्या फरशा मध्येच फुगलेल्या होत्या. पुण्याहून निघताना नातेवाइकांनी 'तिकडे कशाला मरायला जाताय' असे आशीर्वाद दिलेच होते. पहिल्याच आठवड्यात सकाळी बेल वाजली. दारात एक बुटका, ताठ म्हातारा उभा, आणि त्याच्या हातात आमची कचऱ्याची पिशवी. मी गाऊनवर. त्याने माझ्यासमोर खाली बसून प्लॅस्टिकच्या बाटल्या एकेक बाहेर काढल्या, झाकणं वेगळी केली, लेबलं सोलली आणि मग 'कळलं का' अशा नजरेने वर पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इमारतीच्या कचऱ्यावर लक्ष ठेवायचं काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. ते त्यांनी आपण होऊन घेतलं होतं. पिशव्यांवर निळी जाळी पसरायची, चारी कडांना विटा ठेवायच्या आणि गाडी येईपर्यंत झाडू घेऊन तिथेच उभं राहायचं. कारण कावळे. ग्योतोकुचे कावळे म्हणजे आपल्याकडच्या कावळ्यांचे पैलवान भाऊ. एखादा जाळीजवळ उतरला की हिराता-सान झाडू उगारून त्याला शिव्या द्यायचे, आणि त्या शिव्या जपानी नसायच्या. नितीनने दोन दिवस कान देऊन ऐकलं आणि जाहीर केलं, "मेघा, हा माणूस स्पॅनिशमध्ये शिव्या देतोय."

स्पॅनिशचं कोडं कच्च्या केळ्यांनी सोडवलं. स्टेशनजवळच्या भारतीय दुकानातून मी कच्ची केळी आणली होती. जिन्यात पिशवी पाहून हिराता-सान थबकले आणि म्हणाले, "ही पिकायची वाट बघणार, की उकडणार?" मी म्हटलं, भाजी करणार. तर म्हणाले, "आम्ही सकाळी उकडून कुस्करायचो. वर तळलेला कांदा." त्या दिवशी मी त्यांना वाटीभर भाजी नेऊन दिली. दारातच उभ्याने त्यांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं, तिखट लागली असावी.

त्यांनी आपली गोष्ट सलग कधीच सांगितली नाही. तुकड्या-तुकड्यांनी, बहुधा जाळीच्या विटा उचलताना, सांगत. युद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती. देशात खाणारी तोंडं फार आणि जमीन कमी. जगाच्या दुसऱ्या टोकाला, त्या कॅरिबियन बेटावर शेतकऱ्यांना जमीन मिळणार असं त्यांच्या गावात सांगण्यात आलं. गाव उत्तरेकडे, समुद्रकाठचं. आई, वडील, एकोणीस वर्षांचे हे आणि बारा वर्षांचा धाकटा मासाओ असे चौघं बोटीत बसले. महिनाभराहून जास्त पाणीच पाणी. "कागदावर जमीन काळीभोर होती," हिराता-सान म्हणत. उतरून पाहिलं तर नुसते दगड, आणि जिथे दगड नव्हते तिथे पांढरं मीठ.

"मग तुम्ही काय पिकवलंत?" नितीनने विचारलं.

"दगड. एक काढला की खालून दुसरा यायचा. उत्तम पीक."

नितीनला कॅरिबियन म्हटलं की क्रिकेटच दिसायचं. तिथे बेसबॉल खेळतात हे कळल्यावर त्याला जरा वाईट वाटलं. पण तो हिराता-सानना नेमाने आपल्या कंपनीच्या गोष्टी सांगायचा. पुढच्या वर्षी बढती मिळणार, कंपनी टोकियोत कोतोला मोठं घर देणार. हिराता-सान मान हलवत ऐकत आणि शेवटी एकच शब्द बोलत, "कागदावर." आमच्या घरात तो शब्द इतका मुरला की मी पापड भाजते म्हटलं तरी नितीन म्हणायचा, "कागदावर."

त्यांची आणखी एक खोड होती. जमिनीत दगड दिसला की त्यांचा हात गेलाच पाहिजे. बागेत, नदीच्या बांधावर, दवाखान्याच्या दारातल्या कुंडीत. चालता चालता वाकायचं, दगड उकरायचा, बाजूला ठेवायचा, माती थोपटायची. एकदा मी म्हटलं, "हिराता-सान, ही जमीन तुमची नाही." ते म्हणाले, "तीही नव्हती."

पाच वर्षांनी, ज्यांना परत यायचं आहे त्यांच्यासाठी बोट निघाली. तोवर वडील तिथेच वारले होते. आई आणि हे परत आले. "आणि भाऊ?" मी विचारलं होतं. "तो राहिला," एवढंच बोलून ते झाडूचा बुडखा जमिनीवर आपटायला लागले. मी पुढे विचारलं नाही. जपानमध्ये दोन वर्षं काढल्यावर न विचारणं आपोआप येतं.

माझ्या सासूबाईंना मात्र ते आलं नाही. त्या कऱ्हाडच्या, आणि पर्यटकाचा व्हिसा घेऊन पाऊसपाणी चुकवायला आमच्याकडे आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी हिराता-सानचं नाव हिरातराव करून टाकलं. आम्ही ऑफिसला गेलो की या दोघांची गट्टी. त्या मराठीत बोलणार, ते जपानीत, आणि रंगात आले की स्पॅनिशमध्ये. संध्याकाळी आई मला बातम्या द्यायच्या. "हिरातरावांचा गुडघा डावा दुखतो. आईचं फार केलं त्यांनी. लग्न केलं नाही हो." मी खाली जाऊन खात्री करून घेई तर सगळं खरं निघे.

एका दुपारी बऱ्यापैकी हादरा बसला. सुट्टीचा दिवस होता. कपाटातली भांडी वाजायला लागली आणि आई देवघरासमोर मटकन बसल्या. तेवढ्यात खालून दाणदाण पावलं वाजली. हिराता-सान धापा टाकत वर आले, दार सताड उघडलं आणि त्याला आपला जोडा अडकवला. भूकंपात चौकट वाकली की दार उघडत नाही, म्हणून. मग ते आईंच्या शेजारी जमिनीवर बसले. थरथर थांबली तरी दोघं बसूनच होते. नंतर नितीनने टीव्ही लावला. किनाऱ्याचं चित्र दिसताच हिराता-सान उठले आणि एका पायात जोडा घालून खाली निघून गेले. त्यांच्या आईचं ते उत्तरेकडचं गाव त्या मोठ्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीच्या लाटेत गेलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. परत आल्यावर मायलेक तिथेच राहत होते. आई गेल्यावर ते नोकरीसाठी इकडे आले, आणि म्हणून वाचले. शाळेतले सोबती, शेजारी, आईला औषध देणारा डॉक्टर, कुणीच राहिलं नव्हतं.

पितृपक्ष आला. माझ्या सासऱ्यांची तिथी शनिवारी होती. आईंनी पहाटे उठून खीर, वडे, भाजी, सगळं साग्रसंगीत केलं. इकडे कावळा मिळेल का ही त्यांची मोठी काळजी. पण बाल्कनीत पान ठेवून त्या हात जोडतात न जोडतात तोच दोन आडदांड कावळे आले आणि पान साफ. आई हरखून गेल्या. "कऱ्हाडला दुपार होते गं. इकडचे कावळे शहाणे."

संध्याकाळी, अजून उजेड होता, आम्ही दोघी हिराता-सानना खीर-वडे द्यायला खाली गेलो. ते लवकर जेवत. आम्हाला आत बसवून ते चहा करायला गेले आणि कप धुवायला मी त्यांच्या मागे. आतल्या खोलीत आई एकट्या. तिथे टेबलावर दोन पानं मांडलेली होती. एक यांचं. दुसरं रिकाम्या खुर्चीपुढे: झाकण घातलेली भाताची वाटी, सूप, मासा, नीट ठेवलेल्या जेवायच्या काड्या. आणि त्यामागे एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा जुना फोटो.

आई काय समजायचं ते समजल्या. पितृपक्ष, फोटो, वाढलेलं पान. त्यांना एकच खटकलं, की पान घरातच ठेवलंय, कावळ्याला दाखवलेलं नाही. बिचाऱ्यांना एकट्याला जमत नसेल. त्यांनी झाकण काढलं, भातावर आपला एक वडा ठेवला, वाटी मागच्या अंगणाच्या कठड्यावर नेऊन ठेवली आणि डोळे मिटले.

आम्ही चहा घेऊन आलो तेव्हा कावळा वाटीत चोच घालत होता.

हिराता-सान सवयीने ओरडले. मग त्यांना वाटी ओळखू आली. ट्रे कसाबसा टेबलावर टेकला. आईंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "बघा हिरातराव, लगेच शिवला. काही अडकून राहिलं नाही हो पोराचं. सांग गं त्यांना मेघा, मोकळा झाला म्हणावं."

"काय म्हणतायत?" हिराता-साननी मला विचारलं. मी गुळमुळीत काहीतरी बोलले. त्यांनी पुन्हा विचारलं, "कावळ्याला का दिलं?" तेव्हा मला सांगावंच लागलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं पान कावळ्याला ठेवतात. कावळ्याने खाल्लं तर त्या माणसाचा जीव शांत आहे असं समजतात.

ते खुर्चीवर बसले. चेहरा पांढराफटक पडला होता. "हा गेलेला नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "असं मी धरून चालतो."

घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला गेलं, लढाईवर गेलं, की त्याच्या नावाने घरी रोज एक ताट वाढायचं, म्हणजे तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही, अशी जपानमध्ये जुनी रीत आहे. तिचं नाव कागेझेन. सावलीचं ताट म्हणा हवं तर. भातावर झाकण ठेवायचं आणि जेवण झालं की ते उचलून आतून बघायचं. वाफेचे थेंब साचलेले असले तर माणूस सुखरूप. हिराता-सानची आई हे करायची. ती गेल्यावर ते करायला लागले. गरम भातावर झाकण ठेवलं की थेंब साचणारच, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण तरी रोज ते झाकण सगळ्यात शेवटी उचलायचे, असं ते म्हणाले.

आणि मग त्या दिवशी त्यांनी बंदरावरची गोष्ट सांगितली. बोट लागली होती. त्या गावात माणसाला पुरत, जाळत नसत, त्यामुळे वडिलांच्या अस्थी बरोबर घेण्याचा प्रश्नच नव्हता. कबर राखायची ती थोरल्या मुलाने. पण आई आजारी होती, तिला परत न्यायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर हे स्वतः दगडांना विटले होते. सतरा वर्षांचा मासाओ म्हणाला, "बाबांना इथे एकटं टाकायचं? तू जा. आजपासून थोरला मी." हे म्हणाले, "वर्षात येतो. येऊन तुम्हा दोघांना नेतो." वर्षाची दोन झाली, दोनाची पाच. आईचं दुखणं, कर्ज, नोकरी. मासाओचा निरोप आला, येणार असशील तरच यापुढे लिही. मग काय लिहायचं? नंतर आई गेली, पत्ता बदलला, आणि लाज इतकी साठली की ती ओलांडून पलीकडे जाता येईना.

मी हे सगळं आईंना मराठीत सांगितलं. त्यांनी तोंडावर पदर धरला. नुसती जीभ चावून भागणारी चूक नव्हती ती. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सांग त्यांना, जिवंत माणूस गेला असं चुकून कुणी म्हटलं, की त्याचं आयुष्य वाढतं. आमच्यात आहे तसं." मी सांगितलं. हिराता-सान आईंपुढे कमरेत वाकले. पण त्या दिवशी त्यांनी झाकण उचलून पाहिलं नाही. पाहणार काय, भात कावळ्याने नेला होता.

कावळा त्यांच्या डोक्यातून गेला नाही. जाळीजवळ ते झाडू टेकून नुसते उभे राहायला लागले. कावळे पिशव्या फाडत आणि हे त्यांच्याकडे बघत राहत, जणू त्यांच्याकडे काही चौकशी करायची आहे. मला ते बघवत नसे. दहा-बारा दिवसांनी ते वर आले, उंबऱ्यावरच उभे राहिले आणि नितीनला म्हणाले, "कॉम्प्युटरवर माणूस सापडतो का?"

नितीनला सापडायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. त्या देशातल्या त्या गावाजवळ हिराता नावाचं एक दुकान होतं, बी-बियाणं आणि शेतीच्या अवजारांचं. खाली फोन नंबर. पन्नास वर्षं आणि मध्ये एवढंच होतं. नितीनने नंबर कागदावर लिहून दिला तेव्हा हिराता-सानच्या तोंडून तो त्यांचा नेहमीचा शब्द आला नाही.

तिकडे सकाळ झाली असेल अशा बेताने त्यांनी संध्याकाळी फोन लावला. आम्ही तिघं त्यांच्या खोलीत होतो. आईंनी यायचा हट्टच धरला होता, "माझ्यामुळे झालंय." कोट घालून, केस विंचरून ते फोनपुढे उभे होते, बसले नाहीत. पलीकडून कुणीतरी उचलला. हिराता-सान स्पॅनिशमध्ये बोलायला लागले आणि त्यांचा आवाजच बदलला, तरुण झाला. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं, फक्त चेहरा दिसत होता. तो आधी उजळला. मग ते मध्येच गप्प झाले. पलीकडची बाई बोलत होती, बराच वेळ. यांनी दोन-तीन वाक्यं बोलून काही विचारलं, पुन्हा ऐकलं. शेवटी त्यांच्या बोलण्यातला एकच शब्द मला ओळखता आला. आमिगो. मित्र. मग त्यांनी रिसीव्हर हलकेच खाली ठेवला.

"मासाओ आहे," ते म्हणाले. "शेतावर गेलाय. मिरी लावलीय त्याने."

आईंनी माझा हात दाबला. "बघ, म्हटलं नव्हतं मी?"

"मग परत कधी करायचा फोन?" नितीनने विचारलं.

"नाही करायचा." ते आता बसले. "पुतणी बोलत होती. कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, जपानहून बोलतोय. तर म्हणाली, जपानला आमचे काका होते. लाटेत गेले."

आम्हाला समजायला क्षणभर लागला. मासाओकडे पत्ता होता तो त्या उत्तरेकडच्या गावचा. तिथून हे कधीच निघाल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं. त्याने टीव्हीवर ते गाव वाहून जाताना पाहिलं होतं. वर्षभर कुणाकडून काही कळतंय का याची वाट पाहिली. मग वडिलांच्या थडग्यावर, त्यांच्या नावाखाली, थोरल्या भावाचं नाव कोरून घेतलं. नोव्हेंबरच्या दोन तारखेला तिथे गेलेल्या माणसांचा दिवस असतो, घरोघरची माणसं संध्याकाळी कबरींवर मेणबत्त्या लावतात. मासाओ तेव्हापासून दोन लावतो. "पुतणी म्हणाली, बाबा आजोबांसाठी रडत नाहीत. काकांसाठी रडतात."

"अहो पण सांगायचं ना तिला!" नितीन उभाच राहिला. "तुम्ही जिवंत आहात! द्या, मी लावतो."

हिराता-साननी फोनवर तळहात ठेवला. "मी म्हटलं, मी त्यांचा मित्र. ते तुमच्याविषयी बोलायचे."

"पण का?"

त्यांनी दुसऱ्या हाताने कोटाचं बटण लावलं. मग एकेक शब्द ठेवत म्हणाले, "मेलो म्हणून आलो नाही, हे त्याला समजतं. जिवंत होतो, आणि आलो नाही, हे कसं समजेल? जिवंत भावावर तो पन्नास वर्षं रागावलेला होता. मेलेल्याला त्याने बाबांच्या शेजारी जागा दिली. ती मी आता परत मागून घेऊ?"

मला त्यांचा राग आला, हे सांगितलंच पाहिजे. मला वाटलं, ही पुन्हा तीच पळवाट आहे, फक्त आता तिला चांगले कपडे घातलेत. मी तसं बोलणारही होते. पण मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझा धीर झाला नाही. ते हसत होते. खरोखर सुखाने हसत होते, आणि हात फोनवर तसाच होता. मी आईंना सगळं सांगितलं. त्या बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. 

त्या दिवसापासून दुसरं ताट बंद झालं. "त्याला वाढायला घरची माणसं आहेत," हिराता-सान म्हणाले. हे बरंच झालं असं मला वाटलं होतं. पण नंतर नंतर मला त्यांची भीती वाटायला लागली. त्यांच्या दारावरची नावाची पाटी गेली. विचारलं तर म्हणाले, "पडली असेल." जाळीजवळ उभं राहणं संपलं. जिन्यात समोर आले तरी चाहूल लागायची नाही. नितीनने एकदा वरून हाक मारली, "हिराता-सान!" तर ते थांबले, पण वळले नाहीत, जणू दुसऱ्या कुणाला तरी हाक मारलीय. इमारतीचा घरमालक मला विचारून गेला, की खालचे आजोबा बरे आहेत ना, भाडं वेळेवर येतं, पण माणूस दिसत नाही.

आमच्या घरात यावरून दोन-तीनदा भांडणं झाली. नंबर नितीनच्या फोनमध्ये होता. तो म्हणायचा, आपण कळवू या, एक मिनिटाचं काम आहे, तो भाऊही म्हातारा झालाय. मी म्हणायचे, ती त्यांची गोष्ट आहे, तू मध्ये पडू नकोस. खरं म्हणजे मलाही रोज वाटायचं की लावावा. ऑफिसात, ट्रेनमध्ये, भांडी घासताना मला तो दुसरा म्हातारा दिसायचा, मिरीच्या वेलांतून चालणारा, ज्याचा भाऊ जिवंत असल्याचं मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. पुण्याला बाबांना दर रविवारी फोन करून 'या दिवाळीला नक्की' म्हणताना माझी जीभ अडखळायला लागली. आम्ही फोन लावला नाही. आजही मी ठामपणे सांगू शकत नाही की ते बरोबर होतं.

आई कऱ्हाडला परत गेल्या. जाताना त्यांनी हिराता-सानना वाकून नमस्कार केला, त्यांनीही केला. त्यानंतर एकदा हिराता-साननी मला विचित्रच प्रश्न विचारला. "तुमच्याकडे गेलेल्या माणसाला काय वाढतात?" मी म्हटलं, त्याच्या आवडीचं. त्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "मला काय आवडायचं, हे मासाओला आठवत असेल का?" मी म्हटलं, आठवत असेल. "मला स्वतःला नाही आठवत," ते म्हणाले.

पुढे डिसेंबरात नितीनची बदली झाली आणि आम्ही खरंच कोतोला गेलो. निघताना त्यांची भेट झाली असणार, पण ती माझ्या लक्षात नाही. वर्षभराने ग्योतोकुला गेले तेव्हा खालच्या घरात एक तरुण जोडपं होतं, त्यांना आधीच्या भाडेकरूविषयी काही माहीत नव्हतं. मला हिराता-सान दिसतात ते त्या नोव्हेंबरातले, तीन तारखेच्या सुट्टीच्या सकाळचे.

मी सायकल काढायला खाली आले होते. त्यांचं दार सताड उघडं होतं. आत, जिथे जोडे काढतात त्या पायरीवर ते बाहेर तोंड करून बसले होते. पांढरा शर्ट, काळा कोट, टाय. केस ओले करून चापून बसवलेले. जोड्यांना पॉलिश होतं आणि ते पायात होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. हवेत चांगलाच गारठा होता, पण त्यांना थंडी वाजत असावी असं दिसत नव्हतं.

"कुठे निघालात सकाळी सकाळी?" मी विचारलं.

"कुठे नाही. तिकडे आता काल संध्याकाळ आहे. अंधार पडायच्या आत मासाओ घरून निघाला असेल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आज कोणता दिवस आहे ते. मला पायरीवर त्यांच्याजवळ बसावंसं वाटलं आणि पळूनही जावंसं वाटलं. मी सायकलचं हँडल घट्ट धरून उभी राहिले. गल्लीत कुणी नव्हतं.

"मेघा-सान," ते म्हणाले, "मेणबत्ती लावली, की माणूस आल्यासारखं वाटतं का हो? लावणाऱ्याला?"

मला काय ठाऊक असणार? माझे आई-वडील तेव्हा दोघंही धडधाकट होते, मी कधी कुणासाठी काही लावलेलं नव्हतं. पण मी म्हटलं, "वाटतं."

त्यांनी टायची गाठ सारखी केली. "मग आज पोचेन," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.